म्हातारं कुत्रं-मांजर रात्रभर उठवतं, तेव्हा तुम्ही झोपता कसे?

संगमाकाठची | सोमवार, रात्री २.२०

नमस्कार मंडळी. सांगलीत हरिपूर रस्त्याला आमचं घर. घरात मी, नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि खंड्या. खंड्या गावठी, वय तेरा. २०१९च्या पुरात सामान राहू दिलं आणि आधी त्याला उचलून माडीवर नेलं, यावरून घरात त्याचं स्थान काय ते समजा.

दिवाळीपासून त्याची रात्र पार उलटी झाली आहे. दिवसभर दिवाणाखाली पडून असतो. रात्री साडेबारा-एक झाला की टाइल्सवर नखांची टकटक सुरू. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. मग कपाटामागच्या सांदीत तोंड घालून उभा राहतो आणि तिथूनच विव्हळतो. मागे सरायचं त्याला सुचत नाही. बाहेर नेलं तर कधी लघवी करतो, कधी नुसता उभा. आत आणून निजवला की तासाभराने पुन्हा तेच.

मला सकाळी लवकरची एसटी धरून तासगावला नोकरीवर जायचं असतं. हल्ली हिशेबाचा प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा लागतो. नवऱ्याला बीपी, मुलीची परीक्षा तोंडावर.

विचारायचं ते दोनच. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी रात्रीची व्यवस्था काय लावली? आणि त्याला आमच्यापासून वेगळ्या खोलीत झोपवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय का? 'आता सोडून द्या' हा सल्ला नको. तो शेजारून रोज मिळतो.

बोका_आणि_मी | मंगळवार, सकाळी ६.१०

वेळ बघून कळलंच की खंड्या जागा होता तेव्हा लिहिलंय. इकडे साताऱ्यात शाहूपुरीत आमचा बोका मन्या, पंधरा वर्षांचा, पहाटे तीनला भूपाळी म्हणतो. सूर वरचा आणि ताना लांब. समोरच्या आजी म्हणाल्या, 'तुमच्याकडं गाणं शिकतंय का कोण?' सविस्तर रात्री लिहिते, मन्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

वळीव | मंगळवार, सकाळी ८.०५

स्पष्ट मत. कुत्र्याची जागा अंगणात. आमच्या वाडवडिलांनी कुत्री पाळली, घरात कधी घेतली नाहीत आणि कुणाची झोपही गेली नाही. बाहेर शेड करा, चार दिवस ओरडेल, मग सवय होईल.

शिराळा_बत्तीस | मंगळवार, सकाळी ९.३०

वळीव, तुमच्याकडे चालत असेल. आमच्या शिराळ्यात आणि पलीकडे कराड तालुक्यात उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. तो पहिलं उचलतो ते कुत्रं, आणि त्यातही ज्याला ऐकू येत नाही, पळता येत नाही असं. आमच्या वस्तीवर रात्री कुत्री आत घेतात, दार लावतात, मग माणसं झोपतात. तेरा वर्षं घर राखलेल्याला म्हातारपणी बाहेर काढायचं, हे मला तरी पटत नाही.

खिलार | मंगळवार, दुपारी १.१५

ताई, कुत्र्याचं मला जास्ती म्हाईत न्हाई, पण म्हाताऱ्या जनावराची रात म्हाईत हाय. आमी आटपाडीकडचं. आमच्यात सर्जा नावाचा खिलार बैल हुता. कामातनं काढला तरी आबांनी त्येला बाजार दावला न्हाई, दावणीलाच ठिवला. म्हातारा झाल्यावर रातीचं हंबराय लागला. घरातली बाया-माणसं वैतागली. आबा कंदील घिऊन गोठ्यात जाऊन बसायचं आणि नुसतं बघत ऱ्हायचं. मग त्येंच्या ध्यानात आलं, बसला की त्येला उठता येत न्हाई. ढोपरं धरत्यात, खाली टणक जमीन. मग उसाचं पाचट जाड हातरलं, दावं लांब केलं, दिवसाचं ऊन अंगावर येईल अशी जागा दिली. हंबरायचं लई कमी झालं. पुढं दोन बेंदूर बघितलं त्येनं.

जनावर उगं वरडत न्हाई. आदी त्येच्या अंगाखालची जागा बघा.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३.४०

खिलार दादा, लाख बोललात.

संगमाकाठची, मी मिरजेत नर्स आहे, रात्रपाळ्या करून माझं आयुष्य चाललंय. खंड्याचं डॉक्टर लोक सांगतील, मी तुमच्या झोपेचं बोलते. सध्या त्याची टकटक झाली की घरातले सगळेच जागे होत असणार. एक उठतो, बाकीचे कूस बदलतात, 'गेला का, आला का' ऐकत राहतात. म्हणजे चौघांपैकी कुणाचीच झोप पुरी नाही. घरात आजारी माणूस असलं की रात्र वाटून घेतो, तशीच ही वाटा. दहा ते दोन एकाची, दोन ते सहा दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने दार लावून, लागलं तर कानात बोळे घालून दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग चार-पाच तास मिळाले तर माणूस दुसऱ्या दिवशी उभं राहतं. तुकड्यातुकड्यांची आठ तास झोप अंगी लागत नाही, हे मी वॉर्डात रोज बघते.

पाळी नसलेल्याने उठायचं नाही, खंड्या कितीही विव्हळला तरी. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात गरजेचं.

मुलीला पाळीतून वगळा. आणि नवऱ्याला बीपी आहे म्हणून पूर्ण सूट देऊ नका हं. त्यांना पहिला पहारा द्या, म्हणजे मध्यरात्रीनंतर त्यांना सलग झोप मिळेल.

माणदेशी_पशुवैद्य | मंगळवार, रात्री १०.५०

मी दहिवडीकडे प्रॅक्टिस करतो. जनावरं जास्त, कुत्री-मांजरी हल्ली वाढली आहेत. जरा लांब लिहितो.

म्हातारं कुत्रं रात्री उठतं त्याची कारणं ढोबळमानाने तीन. दुखतंय, लघवी लागतेय, किंवा मेंदू थकलाय. बरेचदा दोन-तीन एकत्र असतात. पण शोधायचं याच क्रमाने, कारण पहिल्या दोघांवर हमखास काहीतरी करता येतं.

दुखण्याची खूण ओरडणं नव्हे. कुत्रं दुखणं लपवतं. झोपल्यावरून उठताना मागचे पाय उशिरा लागणं, एकाच सांध्याला सारखं चाटणं, गारवा असूनही रात्री धापणं, चार वेळा जागा बदलून पुन्हा उठणं, याकडे बघा. सकाळी फिरून आल्यावर पाय मोकळे होतात, म्हणून दवाखान्यात ते ठीक दिसतं. रात्री मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

लघवीचं म्हणाल तर आधी पाणी मोजा. सकाळी मापाने भांडं भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजा करा. दिवसाला किलो वजनामागे शंभर मिली किंवा त्याहून जास्त पीत असेल तर रक्त-लघवी तपासायलाच हवी. मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (हार्मोनचा एक आजार), लघवीचा जंतुसंसर्ग, सगळं त्यात येतं. एक विनंती: रात्री उठू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी उचलून ठेवू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याने जनावर आणखी आजारी पडतं.

रात्री खोकून उठत असेल, विशेषतः पॉमेरियन, स्पिट्झसारखी लहान कुत्री, तर हृदय तपासा. गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजा. शांत झोपेत तो तीसच्या आत असतो. रोज तीसच्या वर जात असेल तर थांबू नका.

आता मेंदू. सांदीत अडकणं, भिंतीकडे बघत राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, दिवस-रात्र उलटणं, माहीत असलेल्या घरात लघवी करणं, ही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशाची लक्षणं. माणसाच्या अल्झायमरमध्ये साठतं तेच बीटा-अमायलॉइड प्रथिन यांच्याही मेंदूत साठतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली पाहणी छापली होती. ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत यातलं किमान एक लक्षण दिसलं, १५-१६ वर्षांच्यांत ६८ टक्क्यांत. म्हणजे खंड्या जगावेगळं काही करत नाही. सेलेजिलीन नावाचं औषध अमेरिकेत कुत्र्यांच्या या आजारासाठी मान्य आहे. ते काही वेदनाशामकांबरोबर आणि नैराश्याच्या औषधांबरोबर चालत नाही, म्हणून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि रात्र सुधारायची तर हात दिवसाला घालावा लागतो. सकाळचं कोवळं ऊन अंगावर, दुपारी हलकेच उठवून पाच-दहा मिनिटं हुंगत फिरवणं, संध्याकाळी पुन्हा. दिवसभर दिवाणाखालच्या अंधारात झोपलेलं कुत्रं रात्री जागणारच.

कंदी_पेढा | मंगळवार, रात्री ११.३०

डॉक्टर, तुमचं वाचून भीती वाटली म्हणून लगेच विचारते. साताऱ्यात गोडोलीला राहतो. आमची पॉमेरियन, राणी, दहा वर्षांची. आठवड्यापासून रात्री सारखी उठते, पाणी खूप पिते आणि गादीवरच लघवी होते. दोन दिवस खाल्लं नाही. उन्हाळा म्हणून पाणी पीत असेल असं घरचे म्हणतात. नसबंदी केलेली नाही, पिल्लंही कधी नाहीत.

माणदेशी_पशुवैद्य | मंगळवार, रात्री ११.३६

शेवटचा माज कधी येऊन गेला?

कंदी_पेढा | मंगळवार, रात्री ११.४१

महिना-दीड महिना झाला असेल. मागून थोडा चिकट स्राव दिसतो, ती चाटत असते.

माणदेशी_पशुवैद्य | मंगळवार, रात्री ११.४५

उद्या सकाळी दवाखाना उघडताच घेऊन जा, आणि रात्रीच मलूल झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर आत्ताच कुणाला तरी फोन करा. गर्भाशयात पू झाल्याची शंका आहे. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीत माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत हे होतं. जास्त पाणी आणि रात्रीची लघवी ही त्याचीच लक्षणं. कधी कधी स्राव अजिबात दिसत नाही, तो प्रकार अधिक धोक्याचा. सोनोग्राफी करून घ्या. साताऱ्यात जमलं नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गालगत.

नाट्यपंढरी | बुधवार, सकाळी ७.००

राणीचं कळवा हो. वाचून चैन पडत नाही.

संगमाकाठची | बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. कंदी_पेढा, तुमच्या निरोपाची वाट बघतेय.

आज पाणी मोजायला घेतलं. बिजागरीच्या बाजूला उभं राहणं वाचून अंगावर काटा आला, खंड्या अगदी हेच करतो. शनिवारी डॉक्टरांकडे नेणार आहोत.

एक गोष्ट मघाशी लिहायची राहिली. मागच्या घरातल्या काकू रोज म्हणतात, 'कुत्रं रडतंय, घरात म्हातारं माणूस आहे, बरं नव्हे.' सासूबाई ऐंशीच्या आहेत. बोलत नाहीत, पण खंड्या विव्हळला की उठून देवापाशी दिवा लावतात. आता या वयात त्यांचीही झोप जाते.

वळीव | बुधवार, रात्री ९.४०

काकूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जुन्या लोकांनी काहीतरी बघितल्याशिवाय म्हटलं नसेल.

नाट्यपंढरी | बुधवार, रात्री १०.२०

वळीव, बघितलं असेल ते एवढंच, की घरात माणूस आजारी असलं की रात्री सगळे जागे असतात, आणि जाग्या माणसालाच कुत्र्याचं रडणं ऐकू येतं. इतर रात्रीही कुत्री रडतातच, आपण झोपेत असतो.

सासूबाईंना मात्र हे असं सांगू नका. त्यांना त्यांच्याच श्रद्धेतून सांगा. औदुंबर आणि नरसोबाची वाडी आपल्या हाकेवर. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर 'हा कुत्रा बरोबर नसेल तर मला स्वर्ग नको' म्हणून दारात थांबला, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. आमच्या आईला मी ही कथा सांगितली. त्यानंतर आमची म्हातारी टिपू रात्री रडली की आई तिच्याजवळ जाऊन बसायची आणि रामरक्षा म्हणायची. टिपू त्या आवाजाने निवायची. ऐकू कमी येत असलं तरी अंगावर ठेवलेला हात कळतो.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०.३५

हे फार आवडलं. सासूबाईंना संध्याकाळचा पहारा द्या. आठ ते दहा खंड्याजवळ बसायचं, अंगावरून हात फिरवायचा. तोही शांत, त्यांच्या मनातली भीतीही कमी.

बोका_आणि_मी | बुधवार, रात्री ११.००

आता मन्याचं. तो ओरडायचा तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारा झाला, चळलाय. पण त्याची भूक वाढली होती आणि अंग मात्र उतरत होतं. डॉक्टरांनी रक्तातलं टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, तपासलं. थायरॉइड वाढलेलं. वयस्क मांजरांत हा आजार बऱ्यापैकी आढळतो म्हणे, सोबत रक्तदाबही चढतो आणि मग जनावर रात्री अस्वस्थ होऊन ओरडतं. गोळ्या सुरू केल्यावर वजन सावरलं, ताना थांबल्या. अजून पहाटे पाचला उठतो, पण मांजराची जातच पहाटे-संध्याकाळी हिंडायची, त्याला इलाज नाही. रात्री झोपायच्या आधी काठीला दोरी बांधून त्याला थोडं खेळवते, मग पोटभर खायला घालते. खेळणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं, हा क्रम मांजराच्या अंगात असतो.

पहाटे ओरडल्या ओरडल्या उठून खायला देऊ नका बरं का कुणी. त्याला वाटतं, हाक मारली की ताट येतं.

ऊसदर | गुरुवार, सकाळी ७.४५

एवढा खर्च आणि व्याप कशाला? मेडिकलमधून अर्धी झोपेची गोळी किंवा अंगदुखीची गोळी द्यायची. आमच्या गल्लीत सगळे देतात.

माणदेशी_पशुवैद्य | गुरुवार, सकाळी ८.३०

कृपया कुणीही असं करू नका. हे मी हात जोडून लिहितोय.

मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. एका गोळीनेही जीव जातो, तिच्या यकृताला ते पचवताच येत नाही. कुत्र्याला आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक दिल्याने जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होतं. रक्ताच्या उलट्या करत आलेली अशी कुत्री मी बघितली आहेत. मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्यांना घातक आहे. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, झोप आणि भीतीसाठीही औषधं आहेत, पण मात्रा वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरते.

डायक्लोफिनॅकचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आपल्या लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरायचे. ती गेली ती याच औषधामुळे. गुरांना द्यायचे, जनावर मेलं की मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

खिलार | गुरुवार, सकाळी १०.००

खरं हाय. माळावर आता एक बी दिसत न्हाई.

हळदबाजार | गुरुवार, दुपारी १२.३०

सांगलीचा धागा आणि हळदीचं नाव नाही? आम्ही आमच्या लॅब्रॅडॉरला हळद आणि खोबरेल देतो.

माणदेशी_पशुवैद्य | गुरुवार, दुपारी २.१०

जेवणात चिमूटभर हळद चालेल, पण दुखणाऱ्या सांध्याला तेवढ्याने आराम पडेल असं मी म्हणणार नाही. खोबरेलाने लॅब्रॅडॉरचं वजन वाढतं. वजन वाढलं की सांधे आणखी दुखतात आणि रात्री आणखी उठणं होतं. जाड कुत्र्याचं वजन उतरवणं हा सांधेदुखीवरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

जत_पूर्व | गुरुवार, संध्याकाळी ६.००

थोडं अवांतर. आमच्या जतकडे कारवान कुत्री घरोघर, मुधोळ हाउंड म्हणतात तीच. बारीक अंगाची, कातडी पातळ, हाडावर मांस नाही. ही म्हातारी झाली की थंडीने उठतात हो. मुधोळ हाउंडवर पोस्टाने २००५ साली तिकीट काढलं, पण त्याला थंडी वाजते हे कुणी लिहीत नाही. आमच्या कारवानला आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली. खाली एक, वर एक. डिसेंबरात तेव्हापासून रात्रभर झोपतो. खंड्या टाइल्सवर झोपत असेल तर आधी वाकळ घाला.

कंदी_पेढा | शुक्रवार, दुपारी ४.३०

राणी घरी आली.

सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं दिसलं. त्याच दिवशी ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर वाचली नसती. अशक्त आहे, पण आज भात आणि उकडलेलं चिकन खाल्लं. पाणी पिणं लगेच कमी झालंय. काल रात्री ती झोपली आणि आम्हीच दर थोड्या वेळाने उठून श्वास बघत होतो.

माणदेशी डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. संगमाकाठची, तुम्ही हा धागा काढला नसता तर मी विचारलंच नसतं.

शिराळा_बत्तीस | शुक्रवार, संध्याकाळी ५.००

डोळ्यात पाणी आलं. राणीला खूप आशीर्वाद.

वळीव | शुक्रवार, संध्याकाळी ७.१०

राणीचं ऐकून बरं वाटलं. कुत्रं बाहेर असतं तर पाणी किती पितंय हे दिसलंही नसतं, एवढं मान्य. पण माझा मुद्दा माणसांचा होता आणि अजून आहे. घरातल्या कमावत्या बाईने रोज रात्री जागायचं, हे किती दिवस चालणार? त्याचं उत्तर धाग्यात अजून कुणी नीट दिलेलं नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ८.४५

वळीव, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि मूळ धाग्यातला वेगळ्या खोलीचा प्रश्नही त्याच्याशीच जोडलेला आहे.

अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांचा अभ्यास केला. निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा यांच्यावरचा ताण आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांवर येतो तोच भार. म्हणजे संगमाकाठचीला येणारा थकवा हा लाड नाही आणि कमकुवतपणाही नाही.

वेगळ्या खोलीचं सांगायचं तर अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयानेही २०१७ सालीच चाळीस माणसांची आणि त्यांच्या कुत्र्यांची झोप मोजली. कुत्रं खोलीत असलं तरी माणसांची झोप बरी होती. पलंगावर घेतलं की थोडी घटत होती. पण ती धडधाकट कुत्री होती. खंड्यासारखं फिरणारं, अडकणारं कुत्रं खोलीत घेऊन तुम्हाला झोप लागणार नाही. त्याची वेगळी सुरक्षित जागा करा आणि ज्याची पाळी आहे त्याने तिथे शेजारी गादी टाकावी. खंड्या एकटा नाही आणि बाकीचे झोपलेले. यात अन्याय कुठे आला?

संगमाकाठची | पुढचा गुरुवार, रात्री ९.३०

कळवायला उशीर झाला, कारण काही रात्री झोपले!

शनिवारी तपासण्या झाल्या. मूत्रपिंड, साखर ठीक. पाण्याचं मापही ठीक. मागच्या दोन्ही खुब्यांचा संधिवात एक्स-रेत स्पष्ट दिसला. चित्रण बघून डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशही सुरू झालाय असं सांगितलं. कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक रात्रीच्या जेवणासोबत सुरू केलंय. मेंदूच्या औषधाचं दोन आठवड्यांनी ठरवतील, आधी दुखणं कमी होऊन किती फरक पडतो ते बघू म्हणाले.

घरात बदल केले ते असे. हॉलपासून मागच्या दारापर्यंत रबरी मॅटची वाट केली. नखं आणि पंजांमधले केस कापले. आता टकटकही नाही आणि पाय घसरतही नाहीत. कपाटामागची सांद पाट उभा करून बंद केली. मागच्या खोलीत जुनी गादी, वर वाकळ (जतकरांचे आभार), आणि झिरोचा बल्ब रात्रभर. लाइट गेली की तो घाबरतो हे लक्षात आलं, म्हणून चार्जिंगचा दिवाही ठेवलाय. सकाळी सासूबाई तुळशीपाशी उन्हात बसतात, खंड्या त्यांच्या पायाशी. त्यांना युधिष्ठिराची गोष्ट मुलीने वाचून दाखवली. काकूंना आता त्याच परस्पर उत्तर देतात.

पाळ्या लावल्या. नवरा एकपर्यंत, पुढे मी. शनिवार-रविवार सगळं तो बघतो. झोपायच्या आधी खंड्याला बाहेर नेऊन लघवी करवून आणतो. बहुतेक रात्री एकदाच उठतो आता. काल मात्र वळवाचा पाऊस आला, ढग गडगडले आणि तो पहाटेपर्यंत फिरत होता. त्यामुळे सगळं मिटलं असं नाही. पण मी एसटीत बसल्या बसल्या झोपत नाही.

खिलार | गुरुवार, रात्री १०.०५

झ्याक! जागा बदलली की जनावर बदलतंय.

यवतेश्वर_घाट | शुक्रवार, सकाळी ६.५०

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमचा शेरू सोळाचा होऊन गेल्या वर्षी गेला. शेवटी पाळ्या, औषधं, मॅट, दिवा सगळं करूनही त्याला दिवसा-रात्री स्वस्थता नव्हती. उभं राहता येईना, आम्हाला ओळखेना. धाग्यात हे कुणी विचारलं नाही, पण पुढे कुणाला लागेल म्हणून विचारतो. डॉक्टर, पुरे कधी म्हणायचं?

माणदेशी_पशुवैद्य | शुक्रवार, दुपारी २.३०

मी घरच्यांना कॅलेंडर घ्यायला सांगतो. ज्या दिवशी जनावराने आवडीने खाल्लं, ओळख दिली, अंग हलवलं, त्या दिवशी बरोबरची खूण. नाही तर फुली. फुल्या जास्त होऊ लागल्या की माझ्याशी बोला. झोपेचं इंजेक्शन देऊन वेदनेशिवाय निरोप देता येतो, आणि तो निर्णय प्रेमातून घेतलेला असतो. मात्र नुसतं रात्री उठवतं म्हणून, एकही तपासणी न करता कुणी हे मागितलं तर मी नाही म्हणतो. यवतेश्वर, तुम्ही शेरूसाठी जे केलंत त्यात काही कमी राहिलेलं मला दिसत नाही.

यवतेश्वर_घाट | शुक्रवार, दुपारी ३.१५

धन्यवाद डॉक्टर. घरी आईला वाचून दाखवतो.

कृष्णाकोयना | शनिवार, सकाळी १०.१०

कराडहून. आमची चौदाची मांजर आता झोपेतच गादी ओली करते. लघवीची तपासणी झाली, औषध चालू आहे, पण रोज गादी धुणं होत नाही. काय अंथरता?

कंदी_पेढा | शनिवार, सकाळी १०.४०

लहान बाळांच्या दुकानात रबराचं कापड मीटरवर मिळतं, ते गादीवर. त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी. ओली झाली की फक्त घडी बदलायची. राणीसाठी तेच केलं होतं. धुताना फिनेल वापरू नका, मांजरांना ते बाधतं. साबण आणि कडक ऊन पुरे.